तलावातले तण

आमच्या झाडीपट्टीत ‘बेशरम’ हा शब्द माणसापेक्षा झुडपालाच अधिक वेळा लावला जातो. माणसाला तो रागाच्या भरात एखादे वेळी लावतात आणि मागाहून परतही घेतात. झुडपाला मात्र तो कायमचा चिकटला आहे. हे झुडूप तुम्ही पाहिले असेलच. गोंदियाहून चांदा फोर्टच्या गाडीत बसलात, की रुळालगतच्या डबक्यांत, नाल्यांच्या काठी, तलावांच्या कडेला पुरुषभर उंचीचे हिरवे रान दिसते. पाने पिंपळाच्या पानाची चुलत भावंडे वाटावीत अशी, आणि फुले भोंग्याच्या आकाराची, फिकट जांभळी. अनोळखी प्रवासी खिडकीतून मान बाहेर काढून “काय सुंदर फुले आहेत!” असे म्हणतो. शेजारी बसलेला आमच्याकडचा माणूस काही बोलत नाही. पाहुण्याच्या आनंदावर विरजण कशाला घाला?

नाव मात्र ज्याने कोणी ठेवले त्याने फार विचार करून ठेवले आहे. हे झुडूप कापा, पुन्हा येते. कापून फेका, फेकल्या जागी येते. पुरात बुडवा, उन्हाळ्यात तहानेने मारा. त्याला त्याचे काही नाही. तोडल्या फांदीचा वीतभर तुकडा ओल्या चिखलात पडला, की आठपंधरा दिवसांत त्याला मुळे फुटतात. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, कारण त्याच्या चिकात विष आहे. शेळीचे मात्र आश्चर्य. भुकेने गांजलेली शेळी एकदा का हा पाला खाऊ लागली, की तिला त्याची चटक लागते. मग ती दुसऱ्या चाऱ्याकडे पाहत नाही आणि पुढे पाय लटपटून मरते. व्यसनी माणसाची गोष्ट सांगायला मला याहून चांगले रूपक आजवर सापडलेले नाही. परंतु कादंबरीत घातले तर संपादक ते ओढूनताणून आणलेले म्हणतील.

हे झुडूप आपले नव्हे. ते दक्षिण अमेरिकेकडचे. कोणी त्याला फुलांसाठी आणले, कोणी कुंपणासाठी लावले. गुरे खात नाहीत, पाणी घालावे लागत नाही, काडी खोचली की कुंपण तयार. गरीब शेतकऱ्याला आणखी काय हवे? म्हणजे या बेशरमाला आपण होऊन दारात उभे केले ते आपणच. ते कुंपणावरून नाल्यात उतरले, नाल्यातून वाहत तलावात आले, आणि तलावाने त्याला जी जागा दिली ती त्याने पुन्हा सोडली नाही.

तलावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला तलाव म्हटला की फिरायला जायची जागा आठवते. आमच्याकडे तलाव म्हणजे गावाचे पोट. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघाला. त्याआधी हा सारा मुलूख एकच होता आणि ‘तलावांचा जिल्हा’ म्हणूनच ओळखला जात होता. गोंड राजांच्या काळात, अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी, कोहळी समाजाच्या लोकांनी येथे तलाव बांधले. जो तलाव बांधील त्याला पाण्याखाली भिजणारी जमीन इनाम, अशी राजाची रीत होती असे जुनी माणसे सांगतात. नवेगाव बांधचा अफाट तलाव कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने बांधला असे मानतात, आणि लोकांनी त्या पाटलाला देवपण दिले आहे. इंजिनियरला देव करणारा दुसरा मुलूख कोठे असल्यास मला ठाऊक नाही.

पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. मालगुजारी १९५१ साली संपली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून आता त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. कागदावर त्याचे ‘मामा तलाव’ असे लाडके संक्षिप्त रूप होते. पूर्व विदर्भात असे मामा सहा हजारांहून अधिक आहेत. मामा म्हटल्यावर भाच्यांनी काळजी घ्यायला हवी होती. पण तलाव सरकारचा झाला त्या दिवसापासून पाळ कोणी दुरुस्त करायची, तुडूम कोणी साफ करायचे आणि गाळ कोणी काढायचा, हे प्रश्न गावाचे राहिले नाहीत. मालगुजार काही संत नव्हते. त्यांच्या वेठबिगारीच्या कथा माझ्या आजीने मला सांगितल्या आहेत आणि त्या दिवाळीच्या अंकात सांगण्याजोग्या नाहीत. तरी तलावावर त्यांचा जीव होता, कारण धान त्या पाण्यावर पिकत होते. धनी गेला, आणि घर ओस पडले की अंगणात जे होते ते तलावात झाले.

आमच्या गावचा तलाव साधारण चाळीस एकरांचा. मी येथे मास्तर होऊन आलो तेव्हा त्याच्या काठाचा तिसरा हिस्सा बेशरमाने व्यापला होता. दहा-बारा वर्षांत तो अर्ध्यावर गेला. उथळ कड, जेथे पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला येतात, तीच नेमकी या झुडपाला आवडते. त्याच्या बुडख्यांत गाळ अडकतो, गाळाने कड वर येते, वर आलेल्या कडेवर ते आणखी दोन पावले पुढे सरकते. जमीन बळकावणाऱ्या सावकाराची चाल याहून निराळी नसते.

तलावातल्या माशांवर धीवरांचे घर चालते. त्यांची सहकारी संस्था आहे, ती ठेक्याने तलाव घेते, आणि त्या संस्थेचा पत्रव्यवहार करायचे काम माझ्याकडे आपोआप आले. मी जेमतेम मॅट्रिक. पण गावात अर्ज लिहिणारा माणूस कादंबऱ्याही लिहितो याचे लोकांना कौतुक वाटते, आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस अर्जही लिहितो याचे मला. या अर्जांमुळेच मला कळत गेले की तलावातले मासे वर्षागणिक कमी होत आहेत. मरळ, मागूर, बाम ही नावे बाजाराच्या टोपलीतून हळूहळू नाहीशी होत होती. संस्था दर साली कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली विकत आणून सोडी. हे तीनही मासे गंगेकडचे. आपल्या देशात त्यांचे बी माणसाच्या हाताने तयार करण्याची युक्ती हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली ओडिशात साधली आणि तेव्हापासून गावोगावच्या तलावांत ते पोहोचले. चांगलीच गोष्ट झाली. पण विकतचे बी दर साली विकतच घ्यावे लागते, आणि तलावाचा स्वतःचा मासा फुकट पिलावतो, हा हिशेब कोणाला चुकवता आला नाही.

मासा घटला की माणूस उठतो. संस्थेच्या सभासदांपैकी निम्मे पुरुष दिवाळीनंतर हैदराबादेकडे बांधकामावर जाऊ लागले होते. माझ्या हजेरीपटावर त्याची सावली पडे. नावापुढे पूज्य, पूज्य, पूज्य; आणि विचारले तर, “आईबापासंगं गेली, गुर्जी.”

मग २०२० चा उन्हाळा आला. शाळा बंद झाल्या, कामे बंद झाली, आणि गेलेली माणसे परत आली; काही ट्रकमधून, काही चालत. गावाबाहेरच्या शाळेतच त्यांना चौदा दिवस ठेवले होते. माझ्या वर्गात, माझ्या फळ्याखाली, माझ्या विद्यार्थ्यांचे बाप सतरंजीवर निजलेले मी खिडकीतून पाहिले. हाताला काम नाही, घरात धान आहे तेवढेच, आणि समोर तलाव उन्हाने आटत चाललेला. त्या वर्षी रोजगार हमीतून तलावातले बेशरम काढण्याचे काम मंजूर करून घ्यावे, असे संस्थेच्या बायकांनी ठरवले. होय, बायकांनी. पुरुष सभासद, पण सभेत बोलल्या त्या बायका.

हे त्यांच्या मनात आपोआप आले नव्हते. आमच्याच तालुक्यात, अर्जुनी मोरगावच्या परिसरात, मनीष राजनकर आणि त्यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ गेली कितीतरी वर्षे धीवरांच्या संस्थांबरोबर हेच काम करीत आले आहे: बेशरम मुळासकट काढायचे, तलावाचा सुकलेला तळ नांगरायचा आणि पाणी भरू लागले की पाण्यातल्या देशी वनस्पती तेथे लावायच्या. आमच्या संस्थेची चार माणसे तिकडचे तलाव पाहून आली होती. त्यांनी पाहिलेले सांगितले आणि मी ते अर्जाच्या भाषेत घातले. त्या अर्जाची एका कार्यालयात काय गत झाली, ते येथे सांगत नाही. एवढेच म्हणतो की बेशरमाला मुळे फुटायला जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ एका सहीला लागला.

काम मे महिन्यात सुरू झाले. पहाटे साडेपाचला निघायचे आणि दहाच्या आत परत फिरायचे, कारण आमच्याकडच्या मे महिन्यातले ऊन अंगावर घेण्याच्या लायकीचे नसते. मला शाळा नव्हती. मीही सबल घेऊन गेलो. पहिल्या दिवशी तरुण पोरांनी कुऱ्हाडी चालवल्या आणि तासाभरात कोपरा मोकळा करून दाखवला. सत्तरीच्या एक आजी पाळीवर बसून पाहत होत्या. त्यांनी एका पोराला हाक मारली.

“का रे, हजामत करून रायला का त्याची?”

पोरगा हसला.

“वरून कापल्यानं ते खुश होते, बाबू. दाढी केल्यावानी. मुरासकट काहाडा लागते.”

आणि त्या स्वतः उतरल्या. बुडख्याभोवती कुदळीने माती सैल करायची, सबल खाली घालून उचकटायचे, मग दोघींनी धरून ओढायचे, आणि शेवटी मातीत हात घालून तुटलेली मुळी चाचपून काढायची. हे शेवटचे काम आजींनी कोणाला करू दिले नाही. त्यांची बोटे मातीत फिरत तेव्हा डोळे मिटलेले असत. माझ्या आईला धानाच्या बांधीत निंदताना मी असेच पाहिले होते. आमच्या धानात ‘करगा’ नावाचे एक तण असते. ते खरे तर रानधानच, रोपपणी धानाहून वेगळे ओळखू येत नाही, आणि ओळखू येते तेव्हा त्याचे दाणे झडून गेलेले असतात. शेजारच्या छत्तीसगडात या करग्याला फसवण्यासाठी जांभळ्या पानांचे धान पेरण्याची युक्ती काढली आहे. शेत जांभळे, तेव्हा हिरवे दिसेल ते उपटा. आईला जांभळ्या पानांची गरज नव्हती. ती पानाच्या देठाला नुसता अंगठा लावी आणि उपटी. तिला विचारले, की कसे ओळखलेस? तर म्हणे, “त्याचं अंगच निरारं हाय.”

उपटलेले बेशरम पाण्यापासून दूर, पाळीच्या पलीकडे नेऊन मुळे वर करून पसरायचे असा नियम होता. एक काडी ओलीत राहता कामा नये. डोक्यावरून ओझी नेताना चीक मानेवरून ओघळे आणि कपड्यांवर डाग पडत. सुकल्यावर गरिबांनी ते जळणाला नेले. या झुडपाचा जन्मभरात झालेला एवढाच उपकार. दीड महिन्यात काठाचा मोठा भाग मोकळा झाला. तलाव एकाएकी मोठा दिसू लागला. लहानपणी पाहिलेला माणूस चष्मा काढल्यावर ओळखू यावा तसे जुन्या माणसांचे झाले. “हा दगड येथे होता!” असे कोणी म्हणे, आणि धुणे धुवायच्या त्या दगडाभोवती सगळे जमत.

खरा वाद सुरू झाला तो यानंतर.

मोकळ्या जागेचे काय करायचे? एका पक्षाचे म्हणणे, साफ झाले ना, मग आता बी सोडा आणि मासे धरा. संस्थेजवळ पैसे थोडे; ते बोटुकलीवर घालायचे, की नांगरटीवर आणि पाण्यातला पाला आणून लावण्यावर? शिवाय ज्यांना आपण जिवाच्या आकांताने तण काढताना पाहिले त्यांनीच आता दुसरे तण लावायला निघावे, हे पाहणाऱ्याला वेड्याचा बाजार वाटे. हैदराबादेहून परत आलेला एक बाप सभेत उभा राहिला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

“दोन साल मासा कमी येईन म्हनता. ठीक हाय. पन दोन साल मी खाऊ काय? थे सांगा.”

याला उत्तर कोणाजवळ नव्हते. सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. त्याची मुलगी पाचवीत माझ्याच वर्गात होती. तो पुन्हा गेला की तीही जाणार, हे मला कळत होते. आणि कळूनही मास्तराने अशा वेळी तोंड उघडू नये, हे त्याहून अधिक कळत होते.

शेवटी तोडगा निघाला तो असा: अर्ध्या पैशांची बोटुकली घ्यायची, उरलेल्यात एका बाजूची कड नांगरून तेवढीच लावायची. आणि गवत्या मासा दोन वर्षे सोडायचा नाही. गवत्या म्हणजे ग्रासकार्प. १९५९ साली बाहेरून भारतात आणलेला, पाण्यातले गवत खाऊन भराभर वाढणारा आणि चांगला भाव मिळवणारा मासा. सभेतले काही चेहरे पडले. पण पेरलेल्या शेतात बैल मोकळा सोडत नाहीत, एवढे आमच्याकडे सर्वांना समजते.

नांगर फिरवला तेव्हा तळाची माती ढेकळाढेकळांनी उठली. वर्षानुवर्षे ती उखळासारखी टणक झाली होती. जुलैत पहिले गुडघाभर पाणी भरले, तेव्हा गावच्या बायका दोन कोसांवरच्या दुसऱ्या तलावातून भारेच्या भारे हिरवा पाला घेऊन आल्या. शिकलेला माणूस त्या सगळ्याला एकाच शब्दात ‘शेवाळ’ म्हणतो आणि नाक मुरडतो. माझ्या पाचवीच्या मुलीने ते सारे पाळीवर वेगवेगळे मांडले आणि मला नावे सांगितली: चिला, चिऊल, गाद, पोवन, राजोली. मी वहीत लिहून घेत होतो. ती दोनदा थांबली आणि मी बरोबर लिहिले की नाही ते डोकावून पाहिले. गुरुजींची वही तपासण्याची संधी पुन्हा कधी मिळते?

“तुमी त्याले शेवार म्हनता, गुर्जी,” आजी म्हणाल्या. “माशाचं ते घर व्हय. आंगन, मागचं दार, समदं.”

लावण्याची रीत धानाच्या रोवणीसारखीच. मुळे असलेली रोपे मूठमूठ घेऊन चिखलात अंगठ्याने दाबायची. ज्याला मुळेच नसतात असे एक जातीचे पाण्यात नुसते सोडायचे. आणि हट्टाने वर तरंगणाऱ्या रोपांना मातीच्या गोळ्यात बसवून खाली सोडायचे. पंधरावीस बायका ओळीने मागे सरकत होत्या. कमरेपर्यंत पाणी, वरून पाऊस. पऱ्हे रोवताना म्हणतात ती गाणी त्यांनी तेथेही म्हटली.

यातली एक वनस्पती माझ्यातल्या कादंबरीकाराला कायमची बांधून राहिली आहे. फितीसारखी लांब पाने, सारी पाण्याखाली. हिचे मादीफूल लांबच लांब नाजूक देठावर चढून पाण्याच्या पृष्ठभागाशी येते आणि तेथे थांबते. नरफुले बारीक कण्यांसारखी. ती तळाशी झाडापासून सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात, उमलतात, आणि वाऱ्याच्या झुळकीने वाहत वाहत मादीफुलाला टेकतात. टेकली, की त्या फुलाचा देठ हळूहळू स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो आणि फळाला पुन्हा तळाशी ओढून नेतो. एवढे सगळे लग्न पाण्यावर लागते आणि संसार पाण्याखाली होतो. मी आजवर लिहिलेल्या कोणत्याही प्रेमप्रकरणात इतकी शिस्त नाही.

आणि ज्या चिल्याच्या जातीचे आम्ही एवढे कौतुक करीत होतो, तिची दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. हायड्रिला या शास्त्रीय नावाने ओळखली जाणारी ही पाणवनस्पती १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांत शोभेच्या माशांच्या काचपेट्यांसाठी श्रीलंकेहून अमेरिकेत फ्लोरिडाला गेली. तेथून ती कालव्यांत निसटली आणि पाहता पाहता सरोवरेच्या सरोवरे तिने गच्च भरून टाकली. तेथे होड्या अडकतात, पाणी तुंबते. ती काढण्यासाठी तिकडची सरकारे आजवर कोट्यवधी डॉलर खर्च करीत आली आहेत, आणि ती खाण्यासाठी मुद्दाम गवत्या मासा सोडतात! म्हणजे त्यांच्या खंडातले बेशरम आमच्या तलावात, आमच्या बाजूची गरीब पाणवेल त्यांच्या सरोवरात. आणि दोन्हीकडची माणसे उन्हात घाम गाळून एकमेकांची झाडे उपटीत आहेत. मी हे पाळीवर सांगितले तेव्हा बायका खूप हसल्या. आजी तेवढ्या हसल्या नाहीत. “तिकडं तिले खानारे आपले मासे नसतीन,” त्या म्हणाल्या. शास्त्रज्ञही परक्या वनस्पतीविषयी बोलू लागले की याच मुद्द्यापाशी येतात. फक्त त्यांना यायला अधिक पाने लागतात.

पहिल्या पावसाळ्यात विशेष काही दिसले नाही. उलट, मोकळ्या कडेवर बेशरमाची इवली रोपे पुन्हा डोके काढू लागली. त्याचे बी केसाळ असते, पाण्यावर तरंगत येते. शेजारच्या नाल्यात ते असेपर्यंत आमच्या तलावात येणारच. दिवाळीच्या सुमारास पाणी ओसरू लागले, की जाऊन ती रोपे फुलण्याआधी उपटायची. हे २०२० ला केले, २०२१ ला केले, २०२२ ला केले. मोठे झाड काढायला चार माणसे आणि सबल लागते. दोन पानांचे रोप दहा वर्षांचे पोर चिमटीने काढते. पण पोराला दर साली आठवणीने न्यावे लागते, एवढेच.

लावलेल्या कडेवर मात्र दुसऱ्या वर्षी पाण्याचा रंग बदलला. बेशरमाजवळचे पाणी गढूळ असे; येथे हात बुडवला तर नखे दिसू लागली. पोवनाची पाने पसरली आणि त्यांवरून कमळपक्षी लांब बोटे टाकीत चालू लागले. देवधानाचे तुरे आले. हेही रानधानाच्याच कुळातले, पण तलावात पेरल्यावाचून उगवते म्हणून देवाचे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, तेव्हा या नांगर न लागलेल्या दाण्याला मान. बांधीत करगा म्हणून ज्याला शिव्या घालतो, त्याच्याच भावकीला तलावात देव म्हणतो! तिसऱ्या वर्षी, जून-जुलैच्या पहिल्या पुरात, त्या कडेला मरळीची पिल्ले दिसली. लालसर पिल्लांचा झुबका आणि खाली राखण करणारी काळी आई. संस्थेने त्या भागात जाळे टाकायचे नाही असे ठरवले होते आणि ते पाळलेही गेले. एकाने मोडले तर त्याला दंड झाला, आणि दंड भरून तो पुन्हा सभेला आला.

तो हैदराबादेचा बाप? तो २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा गेला. यात कोणाचा पराभव नव्हता. घरात लग्न होते आणि पैसे लागत होते. पण या वेळी एकटा गेला. बायको आणि मुलगी मागे राहिल्या, कारण तलावाच्या कामावर आता बायकांचा गट पक्का झाला होता आणि आठवड्याला थोडा का होईना मासा बाजारात जात होता. दोन वर्षांनी तो परत आला तो राहिला. हे तलावामुळे झाले की त्याच्या दुखऱ्या कमरेमुळे, हे मी छातीला हात लावून सांगू शकत नाही. त्याची मुलगी दहावीत पोहोचली आहे. हजेरीपटावर तिच्या नावापुढे पूज्ये फार थोडी आहेत.

सध्या मात्र संस्थेपुढे निराळीच काळजी उभी आहे. तलावातला गाळ यंत्राने काढायचे घाटते आहे. गाळ काढायला हवाच. तो शेतात पडला तर धान तरारते, पाणीही अधिक साठते. २०१७ पासून तशी सरकारी योजना आहे आणि तिचा उद्देश कोणी वाईट म्हणणार नाही. परंतु यंत्राला कड आणि मध्य यांतला भेद कळत नाही. ते उथळ काठ खोल, उभा करून ठेवते. आणि माशाला अंडी घालायला हवी असते ती घोट्याएवढ्या पाण्याची, पाल्याने भरलेली, सावकाश उतरत जाणारी कड. मध्यातून हवा तेवढा गाळ न्या, पण लावलेली बाजू सोडा, असा अर्ज मी लिहिला. त्यात तेथे कोणत्या वनस्पती आहेत त्याची यादी जोडली. अर्ज परत आला; शेरा असा, की यादीतली नावे प्रमाणित नाहीत. चिला, चिऊल, पोवन ही नावे कोठल्याही नमुन्यात बसत नव्हती.

मग त्या मुलीने आणि मी मिळून दोन रकान्यांची यादी केली. एका रकान्यात तिची नावे, दुसऱ्यात लॅटिन. लॅटिन नावे मी शाळेला मिळालेल्या एका पुस्तकातून चित्रे जुळवून लिहिली, आणि प्रत्येक वेळी ती चित्र पाहून मान हलवी किंवा म्हणे, “नाई गुर्जी, याचं पान आखूड हाय.” दोन ठिकाणी लॅटिनचा रकाना रिकामा सोडावा लागला. तिचा रकाना पूर्ण भरला.

अर्ज पुन्हा गेला आहे. उत्तर यायचे आहे. इकडे हलके धान कापून झाले, मंडईच्या दंडारीची तालीम रोज रात्री ऐकू येते, आणि तलावाचे पाणी कडेवरून चार बोटे मागे सरले आहे. त्या ओल्या पट्टीत बेशरमाची दोनपानी रोपे दिसू लागली आहेत. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी तिकडे जमायचे ठरले आहे. आजींचे आता गुडघे चालत नाहीत. त्यांना पाळीवर खाट टाकून बसवायचे आहे, म्हणजे कोण मुळासकट काढतो आणि कोण नुसती हजामत करतो ते त्यांना तेथून पाहता येईल. मला त्यांनी निरोप पाठवला आहे: “गुर्जीले सांगजो, वही घरीच ठेवा म्हनाव. टोपलं आना.”